रुग्णवाहिका येईपर्यंत : कामाच्या जागी प्रथमोपचाराची तयारी कशी करावी

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. एका दुपारी पत्र्याच्या धारेने एका सहकाऱ्याचा तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटला. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी होती, पण तिला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर पणजीला गेलेले. कुलूप तोडलं, तर आत थोडा कापूस, वाळून गेलेलं आयोडीन आणि मुदत संपलेलं खोकल्याचं औषध. शेवटी एकाने आपला धुतलेला पंचा दिला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मी तो जखमेवर दाबून धरला. त्याचा हात वाचला, पण ती वीस-पंचवीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून जिथं काम केलं तिथं ही तयारी मी स्वतः उभा राहून करून घेतली. गॅरेज असो, काजूचा कारखाना असो, हॉटेलचं स्वयंपाकघर असो की पाच माणसांचं ऑफिस, क्रम हाच ठेवावा. पेटी त्यात तिसरी येते.

पहिलं काम : पत्ता लिहून लावा

१०८ला फोन केला की पहिला प्रश्न येतो, नेमकं कुठं? घाबरलेला माणूस सांगतो, ‘सातेरीच्या देवळाकडे’. आता सातेरीचं देऊळ गोव्यात गावोगावी आहे. वाड्यांची नावंही तशीच, एकाच नावाचे वाडे दोन-तीन तालुक्यांत सापडतात. म्हणून एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहा : तालुका, गाव, वाडा, मुख्य रस्ता सोडून कुठं वळायचं, आणि परक्या माणसालाही दिसेल अशी एक खूण. औद्योगिक वसाहतीत असाल तर भूखंड क्रमांक आणि कुठल्या फाटकातून आत यायचं तेही. त्याच पुठ्ठ्यावर १०८, ११२ आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर. आपल्याकडे बरेच कामगार कर्नाटक, बिहार, ओडिशाचे असतात. त्यांना मराठी-कोंकणी वाचता येईलच असं नाही, तेव्हा हाच मजकूर हिंदीत आणि गरजेप्रमाणे कन्नडमध्येही लावा.

फोन कोणी करायचा आणि वळणावर उभं राहून गाडीला हात कोणी दाखवायचा, हे आजच नावानिशी ठरवून टाका. वळणावर उभं राहायला माणूस नेमलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

दुसरं काम : माणसं तयार करा

१९४८च्या कारखाने कायद्यात दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी असावी, ती प्रमाणपत्र घेतलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी आणि तो माणूस कामाच्या वेळेत हाताशी असावा, असं कलम ४५ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं. ५०० हून जास्त कामगार असतील तर स्वतंत्र रुग्णोपचार खोली. आपली जागा दहा माणसांची असेल, पण त्यातला ‘हाताशी असावा’ हा भाग तिथंही तितकाच खरा आहे.

म्हणून मॅनेजरला निवडू नका, तो बाहेर असतो. जी बाई रोज वेळेवर येते आणि दिवसभर जागेवर असते तिला निवडा, जो फोरमन मशीनजवळच असतो त्याला निवडा. प्रत्येक पाळीला किमान दोघे हवेत. एकच असेल तर चतुर्थीला तो गावी जाईल आणि तेव्हा उरलेल्या चार माणसांत कोणालाच काही येत नसेल. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स आणि इंडियन रेडक्रॉस या संस्था प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देतात. प्रशिक्षण झालेल्यांचे फोटो पेटीच्या वर लावा.

तिसरं काम : पेटी

निर्जंतुक गॉझ वेगवेगळ्या आकारांत, रोलर बँडेज, चार तरी त्रिकोणी पट्ट्या, चिकटपट्टी, लहान जखमेच्या पट्ट्या, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, सेफ्टी पिना, डोळे धुवायला सलाइनची बाटली, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, वही आणि पेन. डोकेदुखीच्या आणि पोटाच्या गोळ्या यात नकोत. गोळ्या असल्या की पेटी रोज उघडते, कोणीतरी न विचारता घेतो, आणि कोणाला कसली अ‍ॅलर्जी आहे हे आपल्याला माहीत नसतं.

कुलूप लावू नका. वस्तू चोरीला जातात ही मालकांची तक्रार मी ऐकली आहे. गेल्या तर पुन्हा भरा, गॉझचा एक गठ्ठा फार महाग नसतो.

आपल्या पावसात पत्र्याच्या पेटीत पाणी सुटतं, पट्ट्यांचा चिकटपणा जातो, गॉझची पाकिटं ओलसर होतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा, एरवी महिन्यातून एकदा. काय वापरलं, कोणाला लागलं, कसं लागलं, ते वहीत लिहायचं. एकाच मशीनवर तिघांची बोटं कापलेली दिसली की दुरुस्ती मशीनची करायची आहे हे कळतं.

चौथं काम : हात बसवा

*रक्तस्राव.* स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने जोर देऊन दाबा आणि किमान दहा मिनिटं उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, चहापावडर, चुना काही भरू नका, डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावं लागतं. काच किंवा खिळा रुतला असेल तर ओढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. बोट तुटून पडलं तर ते ओलसर स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. मासळीवाल्याकडचा बर्फही चालेल, फक्त बोटाला बर्फ थेट लागता कामा नये.

*भाजणं.* वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ लावा, कारण पाच मिनिटांतच माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, खोबरेल, बर्फ नको. काजूच्या कारखान्यात टरफलातलं तेल कातडीवर उडालं की तेही भाजतं. ते चटकन पुसून साबणाने भरपूर धुवा, आणि डोळ्यात गेलं तर धूत राहून थेट डॉक्टरांकडे.

*विजेचा धक्का आणि श्वास बंद पडणं.* आधी मेन स्विच बंद, मगच माणसाला हात लावायचा. मेन स्विच कुठं आहे हे नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी दाखवा. माणूस हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ला फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून दुसऱ्याने तयार राहून जागा घ्यायची. हे वाचून येत नाही, प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर करूनच येतं.

*साप.* पावसाळ्यात गोदामात, लाकडांच्या ढिगात नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काहीही निघू शकतं. चावलेला भाग हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. कापणं, चोखणं, दोरीने आवळणं यातलं काहीही करू नका, आणि सापाला मारायच्या मागे वेळ घालवू नका. प्रतिविष जिथं मिळतं त्या रुग्णालयात नेणं, एवढंच काम.

*फिट.* डोकं आपटू नये म्हणून खाली काहीतरी मऊ द्या, कुशीवर वळवा, वेळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा किंवा चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

पाचवं काम : रंगीत तालीम

तीन महिन्यांतून एकदा, न सांगता. एकजण ‘हात कापला’ म्हणून खाली बसतो आणि बाकीच्यांनी सगळं करून दाखवायचं. फोन, दाब, पेटी, वळणावरचा माणूस. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. पहिल्याच तालमीत आम्हाला कळलं की जेवणाच्या सुट्टीत मागचं फाटक साखळीने बंद असतं आणि १०८ची गाडी त्याच बाजूने येणार होती. त्या फाटकाची दुसरी किल्ली आम्ही त्याच दिवशी पेटीशेजारच्या खिळ्याला अडकवली.