स्पर्धेची गोष्ट ग्रुपवर टाकू नका

माझीच गोष्ट मला अक्कलकोटच्या मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. वर तीन लाल दिवे, त्याखाली 'सोलापुरातली सत्य घटना, हलक्यात घेऊ नका', आणि माझं नाव होतं तिथे काहीच नाही. मी खूश झालो, मूर्खासारखा.

गोष्ट अशी होती: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात रात्रपाळीचा विणकर मागावरच पेंगतो आणि त्याची झोप चादरीत विणली जाते. ती चादर पांघरणाऱ्याला विणकराचीच स्वप्नं पडतात. अद्भुतकथेच्या स्पर्धेसाठी लिहिली होती. मर्यादा २००० शब्द, कथा 'अप्रकाशित' हवी. पाठवून झाल्यावर हौस म्हणून शाळेच्या ग्रुपवर टाकली. तीस टाळकी, त्यातली निम्मी फक्त गुड मॉर्निंगवाली. म्हटलं, हे कसलं प्रकाशन?

महिन्याभरात आयोजकांचा मेल आला. परीक्षकांपैकी एकाच्या फोनवर तीच गोष्ट फिरत फिरत पोचली होती. चोरीचा आरोप नव्हता, फायलीच्या तारखा त्यांनी मान्य केल्या. पण कथा अप्रकाशित राहिली नाही, म्हणून बाद. भांडलो, मग गप्प बसलो. घोषणापत्रावर सही माझीच होती की.

म्हणून परत परत सांगतो. फेसबुक नको. ग्रुप नको, घरच्यांचाही नको. स्टेटस चोवीस तासांत जातं, स्क्रीनशॉट जात नाही. आवाजात रेकॉर्ड करून पाठवणं नको. 'फक्त सुरुवात टाकतो' हेही नको. आणि निकाल लागेपर्यंत नको. मी पाठवून झाल्यावरच फसलो. वाचून दाखवायचीच असेल तर दोन माणसं निवडा, कागदावर प्रिंट द्या, वाचून झाली की परत घ्या. आधीच कुठे टाकली असेल तर घाबरू नका, पाठवण्याआधी आयोजकांना सरळ विचारा. काही जण चालवून घेतात. लपवलेलं मात्र कुणी चालवून घेत नाही.

लिहिण्याचं म्हणाल तर मला एकच कळलंय. अशक्य गोष्ट एकच ठेवा, बाकी सगळं अस्सल. माझ्या पहिल्या खर्ड्यात मागावरून आडवं सूत नेणारा धोटा बोलायचा, तोही होता, शापही होता, सिद्धेश्वर तलावात बुडालेलं शहरही होतं. एका ज्येष्ठांना दाखवलं तर म्हणाले, राजकन्या घाला. (पैसे घेऊन 'कथा तपासून' देणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.) शेवटी आईने वाट दाखवली. ती वर्षानुवर्षं घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. म्हणाली, सूत तुटल्यावर माग थांबवतात, ते कुठंय तुझ्यात? ते घातलं, विणकराला त्या क्षणी जाग येते असं केलं, आणि गोष्ट उभी राहिली. बाकीची जादू काढून टाकली, ७०० शब्दांची बचत झाली. मराठीत तसंही दोन हजारांत बरंच मावतं. 'कारखान्यातल्यासारखं' हा एकच शब्द मोजला जातो, तेव्हा कमी पडतात म्हणून रडू नका.

फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, पाठवा. कथेच्या पानावर नाव नको म्हटलं असेल तर फाइलच्या नावातही नको.

आणि नियमांची शेवटची ओळ वाचा. 'सर्व हक्क आयोजकांकडे' असं असेल तर बक्षीस किती, हे आधी बघा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात. हे वाचून पाय मागे घेऊ नका, बऱ्याच स्पर्धा फक्त एकदा छापण्याचा हक्क मागतात.

यंदा नवी गोष्ट पाठवली आहे. बायकोने प्रिंटवर शेंगाचटणीचं बोट उमटवून परत दिली, बाकी कुणी पाहिलेली नाही. मावशी मात्र अजून फोन करून विचारते, ती चादर पूर्व भागात नेमकी कुठल्या दुकानात मिळते.