रांगण्याला निघालाय? या चुका टाळा

पन्हाळ्याला दुपारी चारला निघालं तरी झुणका-भाकर खाऊन रात्री घरी येता येतं. त्याच हिशोबानं रांगण्याला निघायचं, ही पहिली चूक. पुढच्या निम्म्या चुका तिच्याच पोटातून निघतात.

रांगणा किल्ला कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगड तालुक्याच्या पार टोकाला, कोकणात उतरणाऱ्या कड्यावर आहे. कोल्हापूर, गारगोटी, कडगाव, पाटगाव, भटवाडी असा वेदगंगेच्या खोऱ्यातून वर जाणारा साधारण नव्वद किलोमीटरचा रस्ता, म्हणजे अडीच-तीन तास. भटवाडीपासून चिक्केवाडीपर्यंत जंगल आणि तिथून पुढं अर्ध्या तासावर गड. भटवाडीतून पायी निघालात तर जायला तीन तास, यायला तीन आणि गड बघायला किमान दोन.

हे गणित उलटं मांडा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत साडेपाचलाच पायाखालचं दिसेनासं होतं. कोल्हापुरातून पहाटे साडेचारला निघालात तर साडेसातला भटवाडी, साडेदहाला गड आणि परत गाडीपाशी साडेतीन. हाताशी दोन तास शिल्लक राहतात आणि ते कुठं ना कुठं लागतातच. ‘मिसळ खाऊनच निघू’ म्हणाल तर कट उकळेपर्यंत आठ वाजतात, हे दोन तास इथंच संपतात आणि वर दिवसभर तहान तहान होते ती वेगळीच. साडेअकरापर्यंत चिक्केवाडी आली नाही तर गड दिसत असला तरी मागं फिरा.

ओढ्याचा अंदाज चुकतो तो असा

१७०८ मध्ये ताराराणी रांगण्यावर असताना शाहू महाराजांनी वेढा घातला होता. रामचंद्रपंत अमात्यांनी गड नेटानं लढवला आणि पावसाळा लागल्यावर वेढा उठवावा लागला. जो पाऊस फौजेला जुमानला नाही, तो आपल्या शनिवार-रविवारला काय जुमानणार?

वाटेत ओढे आडवे येतात. सकाळी घोट्याएवढं पाणी बघून माणूस निर्धास्त होतो आणि परत येताना तोच ओढा मांडीपर्यंत चढलेला असतो. डोक्यावर ऊन असलं तरी असं होतं, कारण पाऊस वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर पडतो. सड्याचा जांभा आणि कातळ पाणी फारसं मुरू देत नाही, सगळं एकदम ओढ्यात येतं. स्वच्छ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहायला लागल्या, तळातून दगड घरंगळल्याचा आवाज आला की समजायचं, लोंढा येतोय. त्या क्षणी पात्रात असाल तर जवळचा काठ गाठा, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असलेलं असेल तर उतरायचंच नाही. त्याहून कमी असेल तर पात्र पसरट असेल तिथून ओलांडा. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथंच पाणी खोल आणि जोराचं असतं. धबधब्याच्या किंवा मोठ्या धोंड्यांच्या वरच्या अंगाला तर नकोच. बूट काढू नका. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. तोंड प्रवाहाकडं, काठी वरच्या बाजूला टेकवलेली आणि एका वेळी एकच पाय उचलायचा. दोर कमरेला बांधू नका. घसरलेला माणूस दोराला ताणला जाऊन पाण्याखालीच अडकतो.

अडकलातच तर बसून राहा. हे ओढे लांबून येत नाहीत, पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. त्यासाठी एक कोरडा कपड्यांचा जोड, प्लास्टिकचा कागद, बॅटरी आणि एका जेवणाचं जादा खाणं सॅकमध्ये हवं. मोबाईलला रेंज मिळेल हे धरून चालू नका. भटवाडीत कुणाला तरी किती जण आहात आणि कधी परतणार ते सांगून ठेवा. पावसाळ्यात वन विभागानं बंदी घातली असेल तर चोरवाट शोधू नका.

‘येताना दुसऱ्या वाटेनं’

गोल फेरी मारायची हौस इथं महागात पडते. कोकण दरवाज्यातून खाली वाट जाते हे खरं, पण ती नारूरला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात उतरते. गाडी भटवाडीत आणि तुम्ही कुडाळच्या बाजूला! जंगलात बाकी ज्या वाटा फुटतात त्यातल्या बऱ्याच ढोरवाटा असतात. सुरुवातीला छान मळलेल्या आणि शंभर पावलांवर करवंदीच्या जाळीत गायब. फेरी गडावरच मारा. दरवाजे, तलाव, रांगणाईचं देऊळ, मग हत्तीसोंड माची आणि तटाच्या कडेनं परत. धुकं उतरलं तर माचीकडं जाऊच नका. वाट पहिल्यांदाच करत असाल तर भटवाडीतला माहितगार सोबत घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

कोरड्या दिवसांत फोर-व्हील जीप चिक्केवाडीकडं जातात. ते बघून स्वतःची छोटी कार तिकडं घालू नका. तांबड्या चिखलात चाक जागच्या जागी फिरतं, क्लच जळल्याचा वास येतो आणि ओढून काढायला तिथं कोणी नसतं. पेट्रोल गारगोटीतच भरा.

जळवा, माशा, गवे

जळू चिकटल्यावर तिच्यावर मीठ टाकणं किंवा काडी लावणं चूक. ती पोटातलं जखमेतच ओकू शकते आणि जखम चिघळते. नख आडवं सरकवून आधी बारीक तोंडाकडची बाजू सोडवा, मग दुसरी. रक्त बराच वेळ येतं, कारण जळू ते गोठू देत नाही. साबणानं धुऊन दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. मीठ आणि तंबाखूचं पाणी आधीच मोज्यांना लावायचं असतं.

पाटगावची ओळखच मधाचं गाव. तेव्हा अत्तर, डिओ आणि धूर नको. आग्या माशा उठल्या तर तोंड झाकून सरळ पळा, पाण्यात उडी मारू नका. काटे लगेच खरवडून काढा. दम लागला, ओठ-डोळे सुजले किंवा खूप डंख झाले तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठा. गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या. कळपापेक्षा एकटा नर जास्त बेभरवशाचा.

राहिले बूट. दोन वर्षं माळ्यावर पडलेल्या बुटांचा तळ चांगला दिसतो आणि ओल्या वाटेवर अख्खा सुटून येतो, कारण ठेवून ठेवून त्यातला फोम आणि डिंक कुजलेला असतो. आठवडाभर आधी तेच बूट घालून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारा. तरी वाटेत सुटलाच, तर प्लास्टिकच्या चार केबल टाय बुटाभोवती आवळा. दोन पुढं, दोन मध्ये, गाठ वरच्या बाजूला.