गाडीतला आरसा काढायचा आणि पुन्हा चिकटवायचा कसा

मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी उघडावी, तर आतला आरसा डॅशबोर्डवर पडलेला. फुटला नसेल तर नवा घेऊ नका. सुटलाय तो फक्त गोंद.

बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेला धातूचं एक छोटं बटण चिकटवलेलं असतं आणि आरशाचा दांडा त्यावर वरून खाली सरकून बसतो. बटण काचेवर शाबूत असेल तर गोंदाचा प्रश्नच नाही, दांडा परत बसवा. मात्र आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर हे काम गॅरेजवाल्याकडेच द्या.

आरसा मुद्दाम काढायचा असेल तर वायर असल्यास आधी तिचा प्लग सोडवा. दांड्याच्या बुडाशी अ‍ॅलन (षटकोनी) किंवा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) कीचा बारीक स्क्रू असतो. तो ढिला करा आणि दांडा वर सरकवा. स्क्रू नसेल तर आत स्प्रिंगची पकड असते, ती कशी सुटते ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. मागे ओढू नका, बटणासोबत काचेचा टवका निघू शकतो.

बटण निघालं असेल तर आधी काचेच्या बाहेरून मास्किंग टेपने त्याची जागा आखून घ्या. आतल्या खुणा साफसफाईत जातात. मग जुना गोंद ब्लेड आडवं धरून खरवडा. निघत नसेल तर हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या, हीट गनच्या एकवटलेल्या उष्णतेने काच तडकू शकते. बटणाची पाठ पॉलिश पेपरने घासा.

यानंतर काच आणि बटण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन काचेवर पातळ थर सोडतं. पुसलेल्या जागी बोटही लावू नका. आरसे पुन्हा पडतात ते बहुतेक इथल्या घाईमुळे.

गोंद आरशासाठीचाच आणा, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. घरातला झटपट गोंद पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण उन्हाने आणि गाडीच्या हादऱ्यांनी ठिसूळ होतो. आरशाच्या गोंदाच्या पाकिटात बहुधा दोन गोष्टी असतात. आधी अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे गोंद लवकर घट्ट करणारा द्रव, तो पाकिटावर सांगितलंय तिथे लावून सुकू द्यायचा. मग बटणाच्या पाठीवर गोंदाचा एकच थेंब. जास्त गोंद म्हणजे जास्त पकड नव्हे.

चिकटवण्याआधी बटण दांड्यात बसवून बघा. साधारणपणे निमुळतं टोक वर येतं. उलटं चिकटलं तर सगळं पहिल्यापासून. गाडी सावलीत असावी, काच तापलेली किंवा गारठलेली नको. खुणेवर बटण टेकवा आणि मिनिटभर न हलवता दाबून धरा.

पाकिटावर पंधरा-वीस मिनिटं लिहिलेली असली तरी मी रात्रभर थांबतो. सकाळी दांडा सरकवा आणि स्क्रू बेताने आवळा. तो बटणावर दाबतो, जास्त पिळलात तर बटण किंवा काच जाईल.

शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीसारखं बसा. आरशाखालचा खटका असेल तर तो दिवसाच्या स्थितीत ठेवा आणि मागची काच पूर्ण दिसेल असा आरसा लावा. आणि आरशाला लटकवलेली ती माळ? निदान आठवडाभर डिकीत राहू दे.