तिन्हीसांजेची किरकिर
दिवसभर शहाण्यासारखं झोपलेलं बाळ दिवेलागणीला भोकाड पसरतं आणि घरात तर्क सुरू होतात: दृष्ट लागली, दूध पुरत नाही. दृष्ट खुशाल काढा, फक्त मिरच्यांचा धूर बाळापासून लांब ठेवा. बहुतेकदा ही त्या वयाचीच किरकिर असते. साधारण सहाव्या आठवड्यात कळस गाठते आणि ३-४ महिन्यांत ओसरते.

आधी भूक, लंगोट, उकाडा बघा. मोजे काढून पायाची बोटंही बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, आणि एखादा केस बोटाला घट्ट गुंडाळला की बाळ कशानेच शांत होत नाही. तसं काही नसेल तर टीव्ही बंद, ट्यूबलाइट बंद, बाळ उघड्या छातीशी आणि संथ फेऱ्या. एकच उपाय ५-१० मिनिटं नेटाने करा. आजी, आत्या, बाबा असं हातोहात फिरवलं की ते आणखीच बिथरतं. संध्याकाळी सारखं प्यायला मागत असेल तर पाजा. मध आणि गुटी मात्र नको, कोणी कितीही आग्रह करो.

तुमचाच तोल जायला लागला तर बाळाला सपाट अंथरुणावर, सुरक्षित जागी उताणं ठेवा आणि ५-१० मिनिटं गॅलरीत जा. तेवढ्या रडण्याने त्याचं काही बिघडत नाही. रागाने गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होते.

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध न ओढणं यातलं काही दिसलं तर रात्री २ वाजताही दवाखाना गाठा.