इन्फ्रारेड गनने चुलीतलं तापमान मोजताय? या चुका टाळा

पऱ्हाट्या, तुराट्या किंवा पांढरा कोळसा (शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या) चुलीत कसा जळतो हे तपासायला इन्फ्रारेड गन सोयीची. लांबून नेम धरला की आकडा हजर. तो नक्की कशाचा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गन ज्योतीवर धरणं. साधी गन ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेड पट्ट्यात बघते आणि त्या पट्ट्यात चुलीतली पातळ ज्योत जवळपास पारदर्शक असते. त्यामुळे दिसतं ते ज्योतीमागच्या विटेचं तापमान. ज्योतीसाठी के-टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमान मोजायचा सेन्सर, लावा. तोही थोडं कमीच दाखवतो, पण निदान ज्योतीत तरी असतो.

निखाऱ्यावर गन छान चालते. कोळशाची उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग उष्णता किती चांगली बाहेर टाकतो त्याचा आकडा, बहुतेक गनमध्ये ठरवून दिलेल्या ०.९५ च्या जवळपासच असते. खरा घोळ राख घालते. आत निखारा लालभडक असतो, वर राखेचा थर चढतो आणि आकडा घसरतो. मग वहीत नोंद होते, ‘ज्वलन मंदावलं’! चिमट्याने राख झाडा, लगेच पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. भाताच्या तुसाला हा उपाय लागू पडत नाही. त्याच्या राखेत सिलिका इतकी असते की जळल्यावरही तुसाचा आकार तसाच राहतो. तिथे थर्मोकपल आत खुपसावा लागतो.

१२:१ ची गन, म्हणजे अंतराच्या बाराव्या भागाएवढं वर्तुळ बघणारी, ६० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरचं वर्तुळ मोजते. पऱ्हाटी बोटाएवढी, म्हणजे आजूबाजूचंही सगळं सरासरीत आलं. लेसरचा ठिपका फक्त नेमासाठी असतो.

चकचकीत स्टीलवर आकडा फारच कमी येतो. तिथे उष्णतारोधक काळ्या मॅट रंगाचा पट्टा मारून त्यावर मोजा. साध्या काचेतून मोजलंत तर काचेचंच तापमान मिळेल.

खरेदीआधी कमाल मर्यादा बघा. स्वस्त गन ३८० किंवा ५५० अंशांवर थांबतात, निखारा सहज ७०० च्या पुढे जातो. कोविडकाळातली कपाळावर धरायची गन तर ४२-४३ लाच संपते, तरी ती घेऊन चुलीपाशी बसणारे भेटतात.

आकडे अचानक विचित्र यायला लागले तर गन अर्धा तास सावलीत ठेवा आणि मग ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यावर धरा. शून्यापासून दोन-तीन अंशांहून जास्त फरक आला, तर आधी भिंग मऊ कापडाने पुसा. चुलीजवळ त्यावर काजळी धरतेच.