वीतभर ब्राँझ: किलोवर विकण्याआधी पारखायचं कसं

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळे रिकामे होतात, आणि एखाद्या घरात धातूचं वीतभर शिल्प निघतं. ना माणूस, ना देव, नुसता एक वळलेला आकार. भंगारवाला ते किलोवर मागतो. देऊ नका. वागळे इस्टेटमधल्या फाउंड्रीत मी ओतकाम तपासायचे, म्हणून शेजारी अशा वस्तू माझ्याकडे आणतात.

आधी एक सांगते, घासू नका. चिंच नाही, पितांबरी नाही. वरचा तपकिरी-हिरवा थर, म्हणजे पॅटिना, बहुतेकदा शिल्पकाराने रसायनं लावून, आच देऊन मुद्दाम चढवलेला असतो. मात्र फिकट हिरवी पूड बोटाला लागली तर क्लोराइडने धातू खाल्ला जातोय. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत हे होतं. ते शिल्प कोरडं ठेवा, पाण्यात घालू नका, संवर्धकाला दाखवा.

मग उलटं करा. चुंबक चिकटलं तर ब्राँझ नव्हे. तळाशी आडजागी बारीकसा ओरखडा काढा. करडा-रुपेरी धातू दिसला तर ते बहुधा वरून रंगवलेलं जस्त. पूड नसेल तर पायथा सोडवून शिल्प दोरीने काट्याला टांगा, हवेत आणि पाण्यात बुडवून वजन घ्या. पोकळ असेल तर तिरकं धरून आतली हवा निघू द्या. शेजारच्या काकूंचं हवेत २६४० ग्रॅम भरलं, पाण्यात २३४०. फरक ३००; २६४० ला ३०० ने भागलं की घनता ८.८. ब्राँझ साधारण तेवढंच येतं, जस्त ७.१. पितळ मात्र जवळपास भरतं, म्हणून टंच काढणाऱ्याच्या एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र) तळाच्या स्वच्छ जागी तांबं, कथील, जस्त बघून घ्या: ब्राँझ मुख्यतः तांबं-कथील, पितळ तांबं-जस्त.

पायथ्याचा बोल्ट फार कुणी बघत नाही, मी आवर्जून बघते. आटे ५५ अंशांचे असतील तर व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, ६० चे असतील तर बहुधा मेट्रिक. काकूंचा व्हिटवर्थ निघाला. पण मेट्रिक येण्याआधी आपल्याकडेही तेच आटे चालत, त्यामुळे एवढ्यावरून शिल्प विलायती ठरत नाही. शिवाय बोल्ट नंतर बदललेलाही असू शकतो.

खुणा तिरप्या उजेडात शोधा. ३/८ म्हणजे आठ प्रतींतली तिसरी. सुस किंवा वालसुआनी असा शिक्का पॅरिसच्या फाउंड्रीचा, नोआक बर्लिनचा. शिक्का खोटा मारता येतो, माप खोटं करणं अवघड. तयार ब्राँझवरूनच साचा काढून पुन्हा ओतलं तर थंड होताना धातू आकसतो आणि नक्कल दीड-दोन टक्क्यांनी लहान भरते. म्हणून शिल्पकाराच्या कामांच्या कॅटलॉगमधली उंची मिलिमीटरपर्यंत ताडून बघा.

मुंबईत आदी दावियरवाला (मृत्यू १९७५) आणि पिलू पोचखानवाला (मृत्यू १९८६) अमूर्त शिल्पं करत होते. आकार त्यांच्यासारखा वाटला म्हणून नाव चिकटवू नका. घरात जुनी पावती, प्रदर्शनाचं पत्रक, शिल्प मागे दिसतंय असा फोटो शोधा. नावाला खरा आधार त्याचाच.

भाव बघताना कुणी किती मागतंय ते सोडा, लिलावात प्रत्यक्ष किती आले ते बघा, आणि त्याच शिल्पकाराचं, त्याच उंचीचं काम धरा. नाव सापडलंच नाही तर ती सजावटीची वस्तू म्हणूनच विकली जाईल. तरी सर्व बाजूंचे, तळाचे आणि बोल्टचे फोटो, वजन, उंची असं सगळं सॅफ्रनआर्ट किंवा पंडोल्ससारख्या लिलावगृहाला पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत बोल्टसकट सगळं एकत्र ठेवा.