मेडोलँड्सला वर्ल्डकपची मॅच: निघण्याआधीची तयारी

११ जून २०२६ ला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होतो आणि १९ जुलैला फायनल होते ती आपल्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डच्या मेडोलँड्स भागातल्या मेटलाइफ स्टेडियमवर. ४८ संघ, तीन देशांतली १६ शहरं, १०४ मॅचेस. त्यांतल्या आठ मॅचेस एडिसन, जर्सी सिटी, पार्सिपनी या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या अक्षरशः घराजवळ आहेत. तिकीट मिळालं म्हणजे तयारी झाली असं बरेच जण धरून चालतात, म्हणून ही यादी मनापासून लिहितोय. दिवसभराची आखणी नीट नसेल तर महागडं तिकीट असूनही अर्धी मॅच रांगेत जाते, आणि समोर कोण खेळतंय, इथे हा खेळ कुठून आला, हे ठाऊक नसेल तर उरलेली अर्धी नुसती आरडाओरड होऊन बसते.

तिकिटापासूनच सुरुवात करू. ते फिफाच्या साइटवरून किंवा फिफाच्याच अधिकृत फेरविक्रीतून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माझ्याकडे दोन जास्तीची आहेत’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून घेऊ नका. अधिकृत फेरविक्रीतही विकणारा आणि घेणारा अशा दोघांकडून १५ टक्के कापले जातात, तेव्हा दिसणाऱ्या किमतीवर न जाता शेवटी भरायचा आकडा बघा. तिकीट कागदावर नसतं, फोनमधल्या ॲपमध्ये असतं. गेटवर ८० हजार माणसं एकाच वेळी नेटवर्क शोधत असतात, म्हणून घरूनच ॲपमध्ये लॉगिन करून ठेवायचं, फोन पूर्ण चार्ज करायचा आणि पॉवर बँक खिशात टाकायची. चौघांची तिकिटं एकाच्या फोनवर असतील तर ज्याची त्याला आदल्या दिवशीच ट्रान्सफर करा. कडेवरच्या बाळालाही तिकीट लागतं असं धरून चाला. आणि तिकिटावर ‘न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम’ असं नाव दिसलं तर गोंधळू नका. प्रायोजकांची नावं फिफा स्पर्धेत चालवत नाही, म्हणून मेटलाइफचं नाव तेवढ्या दिवसांपुरतं बदललंय.

भारतातून आई-बाबा किंवा भाचा यायचा असेल तर कागदपत्रांचा विषय वेगळा काढून बसा. फिफाकडून थेट तिकीट घेतलेल्यांना अमेरिकन व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर मिळावी म्हणून ‘फिफा पास’ नावाची सोय केलेली आहे. पण अपॉइंटमेंट लवकर मिळते, व्हिसा नव्हे. मुलाखत, तपासणी सगळं नेहमीसारखंच. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत न परतावा मिळणारी विमानाची तिकिटं काढू नका. आई-बाबांचा प्रवासातला वैद्यकीय विमा मात्र विसरायचा नाही. उन्हात चक्कर येऊन इमर्जन्सीत जावं लागलं तर इथलं बिल काय येतं हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. टोरांटोची एखादी मॅच जोडून बघायचा बेत असेल तर एच-१बी वाल्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. मेक्सिकोत चालू अमेरिकन व्हिसावर भारतीय पासपोर्टला प्रवेश मिळतो. पण तुमचं स्टॅम्पिंग संपलेलं असेल तर सीमा ओलांडण्याआधी ऑफिसच्या वकिलाला विचाराच, ऐकीव माहितीवर जाऊ नका. देशांतर्गत विमानालाही मे २०२५ पासून रिअल आयडी (नव्या नियमात बसणारं राज्याचं ओळखपत्र) किंवा पासपोर्ट लागतो. आई-बाबांसाठी पासपोर्ट जवळ ठेवणं सगळ्यात सोपं.

आता जाणं-येणं. या यादीत सगळ्यात जास्त विचार याचाच करा. मेटलाइफवर एरवी हजारो गाड्या लागतात. वर्ल्डकपमध्ये नेहमीसारखं सर्वांसाठी पार्किंग ठेवलेलं नाही. त्यामुळे आपल्या सवयीप्रमाणे ‘गाडी घेऊनच जाऊ, कुठे तरी लावू’ हा बेत डोक्यातून काढा. मेट्रोपार्क किंवा एडिसनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी पकडायची, सिकॉकस जंक्शनला उतरायचं आणि तिथून मेडोलँड्सची गाडी, ती दहा-एक मिनिटांत स्टेडियमच्या दारात सोडते. कागदावर हे फार सरळ दिसतं. पण २०१४ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, याच जंक्शनवर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक आले, फेब्रुवारीतल्या थंडीचे जाड कोट घातलेली माणसं बंद जागेत घुसमटली, काहींना भोवळ आली आणि मॅच संपल्यावर लोक गाडीसाठी तासन्‌तास खोळंबले. जून-जुलैत कोट नसतील, उकाडा असेल. म्हणून मॅचच्या दिवशीच्या ट्रेनची तिकिटं आणि नियम न्यू जर्सी ट्रान्झिटच्या साइटवर आधी वाचा, तिकीट आधी काढा, आणि गेट उघडायच्या सुमारास पोचायचं असं ठरवून निघा. परतताना धावत सुटू नका. घरी लहान मूल किंवा सकाळची मीटिंग असेल तर मध्यरात्र धरूनच सोय लावा. १३ जूनची ब्राझील–मोरोक्को शनिवारी संध्याकाळी ६ ला आहे, तिथे चालून जाईल. १६ जूनची फ्रान्स–सेनेगल मंगळवारी दुपारी ३ ला आहे, त्यासाठी पूर्ण दिवसाची सुट्टीच टाका. अर्ध्या दिवसात ते जमत नाही.

तिकीट नसेल तर ‘बाहेरचं वातावरण बघून येऊ’ म्हणून स्टेडियमकडे जाऊ नका. १४ जुलै २०२४ ला मायामीत कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी स्पर्धेची फायनल होती, अर्जेंटिना विरुद्ध कोलंबिया. तिकीट नसलेल्यांनी गेटवर रेटा दिला, कुंपणं ओलांडली, आणि तिकीट असलेली कुटुंबं लहान मुलांसकट उन्हात चेंगरली गेली. मॅच तासाहून जास्त उशिरा सुरू झाली. तिकीट असलेल्यांनीही यातून एवढं घ्यावं: मुलांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहा, आणि हरवलो तर कुठे भेटायचं ती जागा आत शिरतानाच सगळ्यांना दाखवून ठेवा.

बॅगेचं म्हणाल तर या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियम्सवर पारदर्शक बॅगचा नियम वर्षानुवर्षं आहे: १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची आरपार दिसणारी बॅग किंवा एक गॅलनची झिपची पिशवी, आणि तळहाताएवढी छोटी पर्स. ऑफिसची पाठपिशवी घेऊन गेलात तर परत फिरवतील. पाण्याची बाटली, झेंड्याची काठी, कॅमेऱ्याची लेन्स याबद्दल वर्ल्डकपचे नियम मॅचच्या आठवड्यात पुन्हा वाचा. जेवण एडिसनच्या ओक ट्री रोडवर पोटभर करून निघालात तर आतल्या दरांचा त्रास होत नाही.

उन्हाकडे दुर्लक्ष करू नका. आपण विदर्भाचा उन्हाळा पाहिलाय, या उकाड्याचं काय, असं म्हणणाऱ्यांना सांगतो: मेडोलँड्स ही दलदलीची जागा, हवा दमट, वर छप्पर नाही. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा इथे छप्पर आणि एसी आहे. आपल्याकडे आणि फिलाडेल्फियाला नाही. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, क्लब वर्ल्डकपच्या वेळी सिनसिनाटीत इतकं ऊन होतं की जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबच्या राखीव खेळाडूंनी पहिला हाफ मैदानाशेजारी न बसता ड्रेसिंग रूममधून पाहिला. यंदा फिफाने प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांची पाणी प्यायची विश्रांतीच नेमून दिली आहे, साधारण २२ व्या मिनिटाला. खेळाडू पितात तेव्हा तुम्हीही प्या. टोपी, सनस्क्रीन, सुती कपडे, आणि भारतातून आणलेल्या इलेक्ट्रॉलच्या पुड्या घरात असतील तर निघण्याआधी एक ग्लास सगळ्यांनी घ्यावा. साठीच्या पुढच्यांना दुपारच्या मॅचला उघड्या बाजूच्या वरच्या मजल्यावर बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाच्या पाठोपाठ वीज येते. इथे जवळपास वीज पडली की खेळ थांबवून प्रेक्षकांना आडोशाला पाठवतात, आणि शेवटच्या विजेपासून ३० मिनिटं मोजतात; मध्ये आणखी एक कडाडली की मोजणी पहिल्यापासून. २८ जून २०२५ ला शार्लटमध्ये त्याच क्लब वर्ल्डकपची चेल्सी–बेनफिका मॅच संपायला चार मिनिटं उरली असताना अशीच थांबली आणि जवळपास दोन तासांनी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर बरोबरी, जादा वेळ, आणि शेवटी चेल्सी ४–१. मध्येच उठून घरी गेलेल्यांचे चार गोल हुकले. तेव्हा परतीची शेवटची गाडी बघताना हे दोन तास हिशेबात धरा, आणि छत्री आत नेऊ देत नाहीत म्हणून प्रत्येकासाठी घडीचा साधा पाँचो ठेवा.

आता ज्याची तयारी बहुतेक जण करतच नाहीत ती. अमेरिकनांना फुटबॉल कळत नाही, हे वाक्य घेऊन स्टेडियमवर जाऊ नका. ते खरं नाही, आणि न्यू जर्सीत तर मुळीच नाही. मेटलाइफपासून काही मैलांवर कीर्नी नावाचं गाव आहे. स्कॉटलंडहून सूतगिरणीत कामाला आलेल्या लोकांनी तिथे फुटबॉल आणला; क्लार्क कंपनीच्या दोऱ्याच्या गिरणीतला ‘ओएनटी’ संघ १८८५ ते १८८७ सलग तीन वर्षं अमेरिकन कप जिंकला. त्याच कीर्नीच्या गल्ल्यांतून शंभर वर्षांनी टॅब रामोस, जॉन हार्क्स आणि टोनी मिओला ही तीन मुलं निघाली आणि १९९० चा वर्ल्डकप खेळली. त्याआधी ४० वर्षं अमेरिका वर्ल्डकपला पात्रच ठरली नव्हती. १९५० मध्ये ब्राझीलला जाऊन इंग्लंडला १–० हरवलं होतं, त्यानंतर सगळी शांतता. कोल्हापुरात पेठापेठांच्या ईर्ष्येवर शाहू स्टेडियम भरतं हे ज्याने पाहिलंय त्याला कीर्नी समजावून सांगावं लागणार नाही.

ज्या जागी आता मेटलाइफचं पार्किंग आहे तिथे २०१० पर्यंत जायंट्स स्टेडियम होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये तिथे न्यूयॉर्क कॉसमॉस या क्लबची मॅच बघायला ७७ हजारांवर माणसं आली. १ ऑक्टोबर १९७७ ला पेले तिथेच शेवटची मॅच खेळला, एक हाफ कॉसमॉसकडून आणि एक हाफ त्याच्या जुन्या सान्तोसकडून. त्याच्या आठवडाभर आधी हाच कॉसमॉस संघ कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २–२ खेळून आला होता; घरात कुणी जुनं फुटबॉलवेडं माणूस असेल तर त्यांना विचारा, आठवत असेल.

कॉसमॉस ज्या लीगमध्ये खेळायचा ती पुढे बुडाली. मग १९९४ चा वर्ल्डकप इथे झाला तेव्हा संघ २४ आणि मॅचेस ५२ च होत्या, तरी दर मॅचला सरासरी जवळपास ६९ हजार प्रेक्षक आले. तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्या यजमानपदाच्या बदल्यात व्यावसायिक लीग सुरू करायचं कबूल केलं होतं, त्यातून १९९६ मध्ये १० संघांची एमएलएस आली. आज तिथे ३० संघ आहेत आणि मेस्सी २०२३ पासून मायामीकडून खेळतोय. पण इथल्या फुटबॉलचा खरा कणा मुली आहेत असं मला ठामपणे वाटतं. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळांनाही बरोबरीने जागा द्यावी लागली, आणि त्यातून वाढलेल्या अमेरिकेच्या महिला संघाने १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे महिलांचे चार वर्ल्डकप जिंकले. १९९९ ची फायनल बघायला पासाडीनात ९० हजार लोक होते. २०१५ च्या फायनलला पहिल्या १६ मिनिटांत तीन गोल मारणारी कार्ली लॉइड आपल्या न्यू जर्सीतल्या डेलरनची. शनिवारी सकाळी टाऊनशिपच्या मैदानावर शिनगार्ड बांधून पळणाऱ्या आपल्या मराठी मुली याच परंपरेत खेळतायत. मॅचला नेण्याआधी त्यांना हे सांगा.

पुरुषांच्या संघाचीही तोंडओळख करून घ्या. प्रशिक्षक अर्जेंटिनाचा पोचेटिनो, आघाडीला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा ख्रिश्चन पुलिसिक. टिम वीया २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारतात खेळून गेलाय. तो संघ नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर कोलंबियाशी हरला होता, तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्याला प्रत्यक्ष पाहिलंही असेल. अमेरिकेची पहिली मॅच १२ जूनला लॉस एंजेलिसजवळ पराग्वेशी, इथल्या वेळेने रात्री ९ ला. दुसरी १९ जूनला सिॲटलमध्ये ऑस्ट्रेलियाशी, इथे दुपारी ३. भारतातल्यांनी पहिलीसाठी १३ जूनच्या सकाळी साडेसहाचा गजर लावावा. १९ जुलैची फायनल भारतात त्याच मध्यरात्रीनंतर, म्हणजे २० जुलै लागल्यावर साडेबाराला दिसेल.

घरी बघणार असाल तर इंग्रजीतून फॉक्स आणि एफएस१, स्पॅनिशमधून टेलेमुंडो. फॉक्स आणि टेलेमुंडो या वाहिन्या साध्या अँटेनावर फुकट दिसतात, त्यामुळे महागडं पॅकेज घेण्याआधी छतावर किंवा खिडकीत अँटेना लावून बघा. स्पॅनिश कळत नसली तरी एखादी मॅच टेलेमुंडोवर लावाच. त्यांचा आवाजच निराळा असतो. शेजारच्या अमेरिकन कुटुंबाला घरी बोलवा, बटाटेवडे करा, त्यांची मुलं कोणत्या क्लबकडून खेळतात ते विचारा. तुमच्या मुलांच्या ऑगस्टमधल्या संघनिवडीची माहिती बहुतेक वेळा अशाच गप्पांतून कळते.

तिकीट मिळालंच नाही तर हॅरिसनच्या स्टेडियमचं बघा. एमएलएस २५ मे ते १६ जुलै बंद आहे, पण त्यानंतर एमएलएसचा रेड बुल्स संघ तिथे खेळेल, आणि २०२३ व २०२५ चं महिलांच्या लीगचं विजेतेपद मिळवणारा गोथम एफसीही. पाथ गाडीने हॅरिसनला उतरलं की स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर आहे, कीर्नी पलीकडेच. दोन्ही संघांचं जुलै-ऑगस्टचं वेळापत्रक आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि मुलांना खाली, कॉर्नरच्या झेंड्याजवळच्या जागा घ्या.